दस्तीखालचा घाम

रामराव दलालाच्या घरात दोन हात नावाजलेले होते. एक खुद्द रामरावचा, तो चांगल्या कारणासाठी. दुसरा त्याच्या लेकाचा, व्यंकटचा. तो कशासाठी नावाजलेला होता, ते घरातली माणसं चारचौघांत सांगत नसत.

व्यंकटच्या तळहातांना घाम यायचा. आता घाम कुणाला येत नाही? चिटगुप्प्याच्या उन्हाळ्यात तर तो दगडालाही यावा. पण व्यंकटचा घाम उन्हाला विचारून येत नसे. भर थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या या माणसाच्या बोटांवरून थेंब ओघळायचे. शाळेत त्यानं पाटीवर लिहिलेलं त्याच्याच हातानं पुसून जायचं आणि मास्तर म्हणायचे, हा पोरगा एकाच दमात लिहितो आणि खोडतो. लग्नात सरूचा हात त्याच्या हातात दिला गेला, तेव्हा ती दचकली होती. कारण तिनं महिन्याभरानं सांगितलं, "मला वाटलं, धरायला कुनी ओला पंचाच दिला."

इतकं असूनही व्यंकटचं फारसं काही अडलं नव्हतं. वैरण टाकायला, शेण काढायला, कासरा धरायला ओला हात चालतो. बैल तक्रार करत नाहीत. अडलं ते म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्या साली. नाव बदलण्याशी या गोष्टीचा काही संबंध नाही, पण साल लक्षात ठेवायला माणसाला काहीतरी लागतं. त्या साली एका मारक्या खोंडानं रामरावचं उजवं मनगट खुंट्याशी दाबलं. हाड बसवणाऱ्यानं ते बसवलं खरं, पण वाकडं बसवलं. बोटं पुरती मिटेनात. दलालाची बोटं मिटेनाशी झाली म्हणजे वकिलाची वाचा गेल्यासारखं झालं.

याचं कारण चिटगुप्प्याच्या बैलबाजारातली रीत. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल घेणाऱ्याचा हात हातात घेतो आणि वरून दस्ती टाकतो. दस्ती म्हणजे साधा हातरुमाल, पण बाजारच्या दिवशी त्याला पडद्याचा मान. त्या पडद्याखाली बोटं बोलतात. एक बोट दाबलं की एक, तीन धरली की तीन, अख्खा पंजा आवळला की पाच, आणि बोटाचं मधलं पेर चेपलं की अर्धं. मग दलाल उठून विकणाऱ्याकडं जातो आणि त्याचा हात धरून तेच बोलणं तिथं करतो. अशा चार-सहा फेऱ्या होतात. भोवती पन्नास माणसं माना लांब करून उभी असतात, पण आत काय चाललंय ते त्या दोन हातांनाच ठाऊक. तेव्हा या गोष्टीत कुठली जोडी केवढ्याला गेली, हे कुणी विचारू नये. ते दस्तीखाली ठरलं आणि तिथंच राहिलं.

शिवाय चांगला दलाल नुसती बोटं मोजत नाही, तो हात वाचतो. कोरडा, सैल हात असला की समजायचं, या माणसाला घाई नाही. गार आणि ओलसर हात असला की समजायचं, याचं काहीतरी अडलंय, थोडं ताणून धरलं तर वाकेल. रामराव मिशीवर बोट फिरवत म्हणायचा, "हात धरला की मला कळतंय, घरात लगीन हाय का दुखनं." आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

अशा बाजारात व्यंकट आपले दोन हात घेऊन उतरला.

पहिल्याच सौद्यात त्यानं घेणाऱ्याची दोन बोटं धरली. ती मासोळीसारखी निसटली, म्हणून त्यानं पुन्हा पकडली, तर हातात तीन आली. घेणारा समजला तीन, विकणाऱ्याला सांगितले दोन, आणि शेवटी जो आकडा दस्तीखाली राहायचा तो दोघांनी लिंबाखाली उभं राहून ओरडून ओरडून सगळ्या बाजाराला सांगितला. दुसऱ्या सौद्यात बोटं नीट बसली, पण घेणाऱ्यानं हात काढून धोतराला पुसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "दलालाला घाम फुटलाय. जनावरात खोट हाय." जनावरात काही खोट नव्हती. तिसऱ्यानं विचार केला, विकणाराच गरजू असणार, त्याशिवाय दलाल एवढा भिजणार नाही, आणि भाव पाडून मागितला. चार बाजारांत रामरावची निम्मी गिऱ्हाइकं उठून वीरण्णा दलालाकडं गेली. वीरण्णाची दावण समोरच होती. तो हाक मारून म्हणायचा, "का रे व्यंकट, बाजार करायलास का हिरीतून पानी काढायलास?"

मग उपाय सुरू झाले.

शेजारच्या चंद्रम्मानं सांगितलं, वांगी उकडून त्या पाण्यात हात बुडव. पंधरा दिवस घरात वांग्याचं पाणी व्यंकटला आणि वांगी बाकीच्यांना. घाम कमी झाला नाही, पण घरात वांग्याचं नाव काढायची सोय उरली नाही. मग तुरटीचं पाणी झालं. त्यानं तळहात असे आखडले, की धरलेली भाकरी सोडवून घ्यावी लागे. चार दिवस हात खरंच कोरडे राहिले आणि पाचव्या दिवशी भेगांमधून घाम यायला लागला. चुलीतली राख झाली, तिचा दर खेपेला लगदा झाला.

त्यानंतर बिदरचे हकीमसाब. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "मियाँ, गर्मी है हाथों में. ठंडक होना." ठंडक म्हणून त्यांनी रोज मेंदी लावायला सांगितली. बाजारच्या दिवशी व्यंकट नव्या नवरीसारखे लाल हात घेऊन दावणीपुढं उभा राहिला. वीरण्णानं त्या दिवशी हाक मारली नाही. तो सरळ उठून आला, व्यंकटचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "हळदीला तरी बोलवायचं होतंस, गड्या."

शेवटी गुलबर्ग्याचा डॉक्टर. त्यानं आधी एक पाण्यासारखं औषध दिलं, त्यानं हाताची सालं निघाली. मग त्यानं स्वतःच जुळवलेली एक पेटी काढली. पाण्यानं भरलेल्या दोन थाळ्यांत दोन हात ठेवायचे आणि पेटीतून थोडी थोडी वीज सोडायची. तळहाताला मुंग्या आल्यासारखं व्हायचं. दहा दिवस व्यंकट एका नातेवाइकाच्या ओसरीवर राहिला आणि हात विजेत भिजवून आला. आणि ऐकायला नवल वाटेल, पण हात कोरडे झाले! तो घरी आला, सरूच्या गालाला हात लावला, तर ती म्हणाली, "कुनाचा हात हाय हो हा?" तीन आठवडे रामरावच्या घरात सण होता. चौथ्या आठवड्यात बाजारात उभ्या उभ्या व्यंकटच्या करंगळीवरून एक थेंब घरंगळला आणि धुळीत पडला.

डॉक्टरनं हे आधीच सांगून ठेवलं होतं. "हा रोग नाही. तुमच्या अंगाची ठेवण आहे. वीज घेत राहिलात तर कोरडे राहतील, सोडली की पुन्हा येणार. आणि भ्यालात तर जास्त येणार." पण दर महिन्याला विजेसाठी गुलबर्गा गाठणं आणि बाजारात न भिणं, या दोन्ही गोष्टी व्यंकटच्या आवाक्याबाहेरच्या होत्या.

तेव्हा सरूनंच तोड काढली. जुन्या खादीच्या धोतराचा दुहेरी पंजा शिवला, पाची बोटांचा, मनगटाशी नाडी लावलेला. व्यंकट तो उजव्या हातात घालून सौदे करायला लागला. बोटं निसटेनात, ओल बाहेर येईना. गिऱ्हाइकं हसली, पण दोन-तीन बाजारांत सरावली. तुटलेली निम्मी गिऱ्हाइकंही परत फिरू लागली. रामराव एवढंच म्हणाला, "पंजा घालून हात वाचता येत न्हाई." पण व्यंकटला हात वाचायचे नव्हतेच. त्याला आपला हात कुणी वाचू नये, इतकंच हवं होतं.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग एका बाजारी अंकुशराव आला.

अंकुशराव मुडबीचा, तिथल्या बौद्ध वस्तीतला. पंधरा वर्षं रस्त्याच्या कामावर मुकादम होता. त्या कमाईतून त्यानं गावाच्या खालच्या अंगाला चार एकर रान घेतलं आणि आता पहिल्यांदा स्वतःचे बैल घ्यायला निघाला होता. पांढरा सदरा, पायात वहाणा, बोलणं मोजकं. त्यानं अख्खी दावण दोनदा हिंडून पाहिली. दात पाहिले, खूर पाहिले, चालवून पाहिलं, आणि बंडेप्पा नावाच्या शेतकऱ्याची देवणी जातीची जोडी पसंत केली. अंग शुभ्र आणि गालांवर काळा रंग, अशी ती जोडी. बंडेप्पाचा दलाल होता व्यंकट.

अंकुशराव लिंबाखाली आला. बाजार भोवती गोळा झाला. व्यंकटनं सवयीप्रमाणं खिशातून पंजा काढला, हातावर चढवला, नाडी दातानं ओढली आणि हात पुढं केला.

अंकुशरावनं आपला हात पुढं केला नाही.

"हे काय हाय, दलाल?"

"हातमोजा."

"ते दिसायलंय मला. कामून घातलाव?"

आता खरं म्हणजे इथंच सांगून टाकायचं होतं. पण भोवती पन्नास तोंडं होती, त्यात वीरण्णाचं सगळ्यात पुढं. व्यंकटच्या पंज्याच्या आत पाणी पाणी झालं. आणि त्याच्या तोंडून जो शब्द निघाला, त्यापेक्षा वाईट शब्द त्या घडीला साऱ्या बाजारात शोधून सापडला नसता.

"रीत हाय माझी," तो म्हणाला.

अंकुशराव थोडा वेळ त्या पंज्याकडं बघत राहिला.

"रीत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुमच्या वडलाची बी रीत होती. ह्याच लिंबाखाली माझा बाप उभा होता. मालकासाठी बैल घ्यायला आलता. सगळ्यांच्या हातावर दस्ती पडायची. माझ्या बापाच्या हातावर न्हाई पडली. त्याच्या आन तुमच्या वडलाच्या हाताच्या मधी पडली. कापडाच्या वरनं बोटं दाबली. दस्ती हातावर असते, दलाल. हाताच्या मधी नसते."

पुढं आलेल्या माना मागं झाल्या.

"बाप गप बसला तवा. मी गप बसनार न्हाई. कायदा मला बी ठावं हाय. पन मी बैल घ्यायला आलतो, भांडायला न्हाई." तो बंडेप्पाकडं वळला. "जोडी चांगली हाय तुमची, अण्णा. हात चांगला गावला न्हाई."

आणि तो चालता झाला. बंडेप्पा डोक्यावरचा रुमाल काढून कपाळ पुसत म्हणाला, "यप्पा! दोन बाजारानंतर गिऱ्हाईक आलतं." व्यंकट तिथंच हात पुढं करून उभा होता.

त्याला टोचलं ते मात्र पुढंच. वीरण्णा जवळ आला. इतकी वर्षं टिंगल करणाऱ्या त्या माणसानं पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर थाप मारली. "बरं केलास," तो हळूच म्हणाला. "लई ताठ चालायलेत आजकाल."

विहिरीच्या आणि मेंदीच्या टोमण्यांनी जी लाज वाटली नव्हती, ती व्यंकटला त्या थापेनं वाटली.

घरी आल्यावर त्यानं झालेलं सगळं सांगितलं. रामराव बाजेवर बसला होता. तो वाकड्या मनगटावर दुसरा हात फिरवू लागला.

"खरं हाय," तो म्हणाला. "मी करायचो तसं. सगळेच करायचे."

"मी तसं केलं न्हाई, अप्पा."

"केलास की. मधी काय होतं तुमच्या?"

दारात तांदूळ निवडत बसलेली सरू मान वर न करता म्हणाली, "मग जाऊन सांगा की त्यांला, हात गळायलेत म्हनून."

"लाज वाटायली."

"वांगी झाली, तुरटी झाली, राख झाली, मेंदी झाली, करंट घेऊन झाला. खरं बोलायचं तेवढं राहिलंय. तेबी करून बगा. त्याला तर गुलबर्ग्याला बी जावं लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं व्यंकट मुडबीला गेला. पंजा घरीच ठेवला.

अंकुशरावचं घर विचारायला लागलं नाही. वस्तीच्या कडेला नवा गोठा उभा दिसत होता. गोठ्यात दोन खुंटे ठोकलेले होते, दोन नवी दावी गुंडाळून ठेवली होती, गव्हाणीत कडबाही कापून टाकलेला. बैल तेवढे नव्हते. अंकुशरावची बायको राजूबाई जमीन सारवत होती, तीही जनावराच्या उभं राहण्याच्या जागेभोवती, जपून. व्यंकटला क्षणभर बंडेप्पाची जोडी तिथं बांधल्यासारखी दिसली आणि मग नसलेली दिसली.

अंकुशराव सकाळीच सारवलेल्या ओट्यावर बसला होता. मागच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्यानं पाहुण्याला ओळखलं, पण उठला नाही. "बसा," म्हणाला.

राजूबाईनं हात धुतले आणि तांब्यातून पाण्याचा पेला भरून आणला. व्यंकटनं उजवा हात पुढं केला. पेला त्याच्या हातात आला आणि हातातून सरळ खाली गेला. ठणकन आवाज झाला आणि पाणी सारवणावर पसरलं.

राजूबाईनं वाकून पेला उचलला.

"प्यायचं नसलं तर सांगायचं होतं," ती म्हणाली. "टाकायचं कशाला?"

"टाकलं न्हाई, ताई. हातात राहत न्हाई माझ्या काही. हे बगा."

त्यानं दोन्ही तळहात पुढं केले. डबडबलेले. उजव्या हाताच्या कडेवरून एक थेंब ओघळला, लोंबला आणि ताज्या सारवणात पडला. मग दुसरा. तिघंही त्या थेंबांकडं बघत राहिले.

"हे रोजचं हाय," व्यंकट म्हणाला. "जन्मापासून. बोटं निसटतात म्हनून मोजा घालतो मी. बामनाला बी तोच, पाटलाला बी तोच. तुमाला घातला तवा तुमच्या वडलाचं ठावं नव्हतं मला. विचारलाव तवा सांगायची लाज वाटली. म्हनून रीत म्हनलो."

अंकुशराव उठला. त्यानं व्यंकटचा उजवा हात आपल्या हातात घेतला. नुसता लावला नाही, पुरता धरला, जसा सौद्यात धरतात. त्याचा हात खडीनं घासून घासून खरखरीत झालेला होता. व्यंकटनं सवयीनं हात मागं ओढला, तर तो सुटेना.

"नुसता घाम?" अंकुशराव म्हणाला.

"नुसता."

अंकुशरावनं बायकोकडं पाहिलं. राजूबाई म्हणाली, "आपली हीर खनता खनता मान्सं थकली, तरी एवढं पानी लागलं न्हाई. ह्यांला रानात नेऊन बसवा की."

आधी अंकुशराव हसला, मग ती हसली. आणि मग व्यंकट हसला. हाताच्या बाबतीत तो आयुष्यात पहिल्यांदाच हसत होता, त्यामुळं त्याला ते थांबवायचं कसं हे कळेना.

दुसरा पेला तो दोन्ही हातांनी धरून प्यायला.

पण अंकुशराव पंधरा वर्षं मुकादम होता. कोण किती खडी फोडून गेला हे त्याच्या डोळ्यांतून सुटत नसे. चहा झाल्यावर तो म्हणाला, "हसलो म्हनून झालं असं समजू नका, व्यंकटराव. रीत म्हनलाव ते पन्नास मान्सापुढं. घाम दावलाव ते माझ्या एकट्याच्या ओट्यावर. हे बरोबर बसत न्हाई."

"मग काय करू?"

"जोडी हाय अजून?"

"हाय. बंडेप्पाअण्णा पुढच्या बाजारी आननार."

"मग मी बी येतो. त्याच लिंबाखाली. मोजा न्हाई. आन जे हितं बोललाव ते तिथं बोला. मग बैलाचं बोलू."

ते आठ दिवस व्यंकटला जेवढा घाम आला, तेवढा आधीच्या वर्षात आला नसेल. सरूनं दोनदा त्याच्या हाताखाली परात ठेवली. बाजारच्या सकाळी तो निघाला, तर रामराव डोक्याला पटका बांधून दारात उभा होता. मनगट मोडल्यापासून तो बाजारात पाऊल टाकत नसे. व्यंकटच्या मागोमाग तोही बाजाराच्या वाटेला लागला.

लिंबाखाली मागच्या वेळेपेक्षा जास्त गर्दी होती. बाजारात बातमीला पाय लागतच नाहीत. अंकुशराव आला, समोर उभा राहिला आणि हातांची घडी घालून थांबला. बंडेप्पा एका बैलाच्या गळ्याखाली खाजवत होता, पण त्याचं लक्ष इकडंच होतं.

व्यंकटनं घसा खाकरला.

"मला एक सांगायचं हाय. माझ्या हाताला घाम येतोय—"

"हे सांगायला बाजार गोळा केलास व्हय?" मागून वीरण्णा ओरडला. "मुक्या जनावराला बी ठावं हाय ते!"

सगळे हसले. आणि व्यंकटच्या ध्यानात आलं, की जे लपवायला त्यानं दोन वर्षं खादीत हात कोंडला, ते या माणसांना केव्हाचं माहीत होतं. मेंदीसुद्धा कुणी विसरलं नव्हतं. उघडं व्हायचं असं काही उरलंच नव्हतं. मग त्याचा आवाज आपोआप मोकळा झाला.

"ठावं हाय, तर नीट ऐका. हा घाम भीतीचा न्हाई. ज्याचा बैल इकायलोय, त्याच्या गरजेचा बी न्हाई. थंडीत येतोय, झोपेत येतोय. मोजा त्यासाठी होता. कुनाच्या जातीसाठी नव्हता. मागच्या बाजारी मी रीत म्हनलो, ते खोटं बोललो. आन वीरण्णा, तू बरं केलास म्हनून पाठ थोपटलास ना? ती थाप परत घे. मी बरं केलं नव्हतं."

या खेपेला कुणी हसलं नाही. वीरण्णा बैलाच्या शेपटीकडं बघायला लागला.

अंकुशरावनं हाताची घडी सोडली. "द्या हात," म्हणाला.

व्यंकटनं उघडा हात दिला. अंकुशरावनं भाव सांगायला त्याचं बोट धरलं, ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. व्यंकटला वाटलं, आता पुन्हा पहिल्या दिवसासारखंच होणार. अंकुशराव मात्र खाली वाकला. त्यानं पायाखालची तांबडी माती मूठभर उचलली, आधी स्वतःच्या हाताला चोळली, मग व्यंकटच्या हातावर टाकून वरून दाबली. खडीवर हातोड्याचा दांडा घसरायला लागला की मजूर हेच करतात. त्यासाठी त्यांना हकीम लागत नाही. राखेचा लगदा झाला होता, या मातीचा झाला चिकट गारा. दोघांचे हात मनगटापर्यंत तांबडे झाले, आणि बोटं अशी चिकटून बसली, की एकेक ओढून काढावं लागावं.

व्यंकटनं खिशात दस्ती चाचपली. दस्ती नव्हती. दोन वर्षं पंजा असल्यावर दस्तीची आठवण कुणाला राहणार?

मग गर्दी थोडी हलली आणि रामराव पुढं आला. चांगल्या हातानं त्यानं आपल्या खांद्यावरची दस्ती काढली, धुतलेली, पांढरी, चार कोपरे नीट असलेली. ती झटकली. अंकुशरावकडं पाहिलं. अंकुशरावनंही त्याच्याकडं पाहिलं, नजर न हलवता. रामरावनं त्या मातीनं माखलेल्या दोन हातांवर दस्ती पसरली. वरून. वाकड्या मनगटानं तिचा एक कोपरा जमेल तसा सारखा केला आणि तो मागं झाला.

मग दस्तीखाली बोटं बोलायला लागली. व्यंकट बंडेप्पाकडं गेला, बंडेप्पानंही हात पुढं करण्याआधी माती चोळून घेतली. पाच फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला अंकुशरावनं मान हलवली, बंडेप्पानं कासरा त्याच्या हातात दिला, आणि जोडी मुडबीच्या वाटेला लागली. दोन्ही बैलांच्या पाठीवर तांबड्या पंजांचे ठसे होते. जाताना तिघांनीही थोपटलं होतं.

रामरावच्या दस्तीचे डाग काही निघाले नाहीत. सरू म्हणाली, ठेवा तशीच, बाजाराची दस्ती ती.

घाम गेला, असं सांगायला मला आवडलं असतं. तो गेला नाही. पण त्याच महिन्यात एक मजा झाली, ती वीरण्णाच्या पहिल्यांदा ध्यानात आली, आणि त्याचा त्याला फार राग आला. वीरण्णाकडं घेणारा होता, व्यंकटकडं विकणारा, म्हणून दोघं दलालच एकमेकांचा हात धरून बसले. वीरण्णानं दस्तीखाली व्यंकटचा हात वाचायचा प्रयत्न केला. ओला. मग भाव चढवून पाहिला. ओला. उठून जायचं सोंग केलं, परत येऊन धरला. तेवढाच ओला. विकणाऱ्याला घाई आहे का नाही, व्यंकट ताणायलाय का खरं बोलायलाय, काही म्हणता काही कळेना. सदा ओल्या असणाऱ्या हातात वाचायचं काय? शेवटी वीरण्णानं व्यंकटचा आकडा कबूल केला, हात धोतराला पुसला आणि म्हणाला, "गड्या, तुझ्याशी सौदा करन्यापरीस हिरीत हात घातलेला बरा."

पुढं पुढं लोक मुद्दाम व्यंकटला दलाल धरू लागले. ज्यांचं घरी काही अडलेलं असायचं ते तर नक्कीच, कारण त्यांची गरज त्या घामात कुणाला दिसत नसे. आणि बंडेप्पासारखी जाणती माणसं सौद्याला बसण्याआधी न सांगता वाकून मूठभर माती उचलायची.

खादीचा पंजा सरूनं धुऊन चुलीजवळच्या खुंटीला अडकवला. तवा उतरवायला त्यापेक्षा चांगलं काही मिळालं नसतं, दुहेरी कापडाचा होता ना. कधी कधी जेवताना व्यंकटचं लक्ष त्याच्याकडं जायचं. आणि मग त्याला आठवायचं, की आज सकाळपासून आपण हात कोरडे आहेत की ओले, हे पाहायलाच विसरलो.